मारिया ग्रॅहम यांचे ब्राझीलमधील दैनंदिन जीवन (१८२१-१८२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्राझीलमध्ये वास्तव्यास आलेल्या युरोपीय लोकांनी लिहिलेल्या रोजनिशा, पत्रे व प्रवासवर्णने ही त्या देशाच्या सामाजिक इतिहासाची महत्त्वाची साधने मानली जातात. १८०८ पूर्वी पोर्तुगालच्या या विस्तीर्ण वसाहतीची दारे परकीयांना जवळजवळ बंदच होती. नेपोलियनच्या सैन्याने आक्रमण केल्यामुळे नोव्हेंबर १८०७ मध्ये पोर्तुगीज राजघराण्याने लिस्बन सोडले. जानेवारी १८०८ मध्ये बाहिया येथे पोहोचल्यावर राजपुत्र दोम जोआओ यांनी ब्राझीलची बंदरे मित्रराष्ट्रांच्या व्यापारास खुली केली आणि मार्चमध्ये राजदरबार रिओ दि जानेरो येथे स्थिरावला. त्यानंतरच्या दशकात इंग्रज व्यापारी, फ्रेंच चित्रकार, जर्मन निसर्गअभ्यासक, स्विस शेतकरी असे नाना प्रकारचे युरोपीय लोक येथे येऊ लागले.

या लोकांत मारिया ग्रॅहम (१७८५-१८४२) या इंग्रज लेखिकेचे स्थान वेगळे आहे. १८२१ ते १८२५ या काळात त्या तीन वेळा ब्राझीलमध्ये राहिल्या : प्रथम नौदल अधिकाऱ्याची पत्नी म्हणून, नंतर विधवा म्हणून एकट्या आणि अखेरीस सम्राटाच्या कन्येची शिक्षिका म्हणून. १८२४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेली त्यांची ब्राझीलविषयक रोजनिशी राजकीय इतिहासासाठी वारंवार वापरली गेली आहे, कारण ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा काळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. प्रस्तुत लेखात मात्र त्या रोजनिशीतील घर, अन्न, वाहन, खरेदी व शेजार यांविषयीच्या नोंदींकडे लक्ष दिले आहे. गुलामगिरीचा मनापासून तिटकारा असलेल्या या स्त्रीचा तेथील एकही दिवस गुलामांच्या श्रमांवाचून जाणे शक्य नव्हते, ही गोष्ट राजकीय घडामोडींच्या वर्णनापेक्षा या किरकोळ वाटणाऱ्या नोंदींतून अधिक स्पष्ट होते.

मुंबईतील पूर्वानुभव :

मराठी वाचकाच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब अशी की ब्राझीलपूर्वी मारिया ग्रॅहम यांनी मुंबई पाहिली होती. त्यांचे वडील जॉर्ज डंडस हे नौदलातील अधिकारी असून मुंबईच्या गोदीवर त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्याबरोबर मारिया मे १८०९ मध्ये मुंबईस आल्या. याच प्रवासात ओळख झालेल्या थॉमस ग्रॅहम या नौदल अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह त्याच वर्षी हिंदुस्थानात झाला. घारापुरी व कार्ले येथील लेणी, पुणे, पुढे मद्रास व कलकत्ता असा प्रवास करून त्या १८११ मध्ये मायदेशी परतल्या आणि १८१२ मध्ये त्यांची हिंदुस्थानातील वास्तव्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली. माझगावच्या नामांकित आंब्याच्या मूळ झाडावर फळांच्या हंगामात शिपायांचा पहारा असे, ही त्यांचीच नोंद.

या पुस्तकाच्या अगदी आरंभी मुंबईतील पालखी वाहणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यांना येथे हमाल म्हणतात, ते बहुतांशी मराठी मुलखातून येतात व कुणबी जातीचे असतात, अशी माहिती लेखिकेने दिली आहे. बारा वर्षांनंतर बाहियाच्या उंचसखल रस्त्यांवर त्यांना पुन्हा माणसांच्या खांद्यावरचे वाहन दिसले. छत व पडदे असलेली, आपल्याकडील मेण्याची आठवण करून देणारी ती खुर्ची दोन गुलाम वाहून नेत. मुंबईचा हमाल जातीच्या व गरिबीच्या बंधनात असला तरी मजुरी घेणारा होता. बाहियाचा वाहक हा स्वतःच विकत घेतलेला होता. हा फरक मोठा असला तरी कंपनी सरकारच्या मुलखातही गुलामगिरी होती आणि तिला कायद्याचा आधार नाकारला गेला तो १८४३ मध्ये, हे विसरता येत नाही. मुंबईच्या रोजनिशीत लेखिकेची नजर लेणी, धर्म व चालीरीती यांवर अधिक खिळलेली दिसते. श्रम करणाऱ्या माणसाकडे ती खऱ्या अर्थाने वळली ती ब्राझीलमध्ये.

रेसिफे व बाहिया : पहिले दर्शन

थॉमस ग्रॅहम यांच्या नेतृत्वाखालील 'डोरिस' ही युद्धनौका सप्टेंबर १८२१ मध्ये पर्नाम्बुको प्रांतातील रेसिफे येथे पोहोचली, तेव्हा शहराला बंडखोरांचा वेढा पडलेला होता. शहरात पाऊल टाकून थोडे अंतर चालताच मारिया ग्रॅहम यांना गुलामांचा बाजार दिसला. वेढ्यामुळे बाजार थंडावला होता, तरीही सुमारे पन्नास मुले-मुली रोगाने व उपासमारीने ग्रासलेल्या अवस्थेत रस्त्यावर बसलेली होती. काही दिवसांनी समुद्रकाठच्या वाळूत जेमतेम झाकलेल्या एका मृत गुलामाचा हात कुत्रा ओढून काढीत असल्याचे त्यांनी पाहिले आणि तसे नोंदवले. या नोंदीत कोठेही अलंकार नाही. याच रेसिफेमध्ये त्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या घरी जेवल्या, फळझाडांच्या बागांतून फिरल्या, वेढ्यातल्या गव्हर्नरच्या घरीही गेल्या. एकाच आठवड्यात हे सारे घडत होते व रोजनिशीत एकापुढे एक लिहिले जात होते.

ऑक्टोबरमध्ये बाहिया येथे इंग्रज वकिलाच्या मुलीबरोबर त्यांनी काही पोर्तुगीज कुटुंबांना सकाळच्या वेळी भेटी दिल्या. या भेटींचे वर्णन बोचरे आहे. घरांच्या तळमजल्यावर गुलामांच्या खोल्या व तबेला, वर जाणारा जिना अरुंद व काळोखा, वरच्या मजल्यावर कुटुंबाचे वास्तव्य. पाहुणे येताच नोकर दिवाणखान्याच्या खिडक्या उघडण्यास व मालकिणीला बोलावण्यास धावत आणि तोवर पाहुण्यांना बोळात तिष्ठत राहावे लागे. मालकिणी बाहेर येत त्या घरातल्या सैल वस्त्रांत, केसही न विंचरलेल्या. या वर्णनात इंग्रज अहंकार आहे यात शंका नाही. आगाऊ निरोप न पाठवता सकाळी कुणाच्या घरी जावे आणि घरच्या बाईच्या वेषाला नावे ठेवावीत, हे फारसे न्याय्य म्हणता येणार नाही. परंतु घराच्या रचनेविषयीची नोंद मोलाची आहे. जनावरे व माणसे यांना एकाच मजल्यावर ठेवणारी ही वास्तू त्या समाजाची उतरंडच दाखवते. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी १९३३ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मालकाची हवेली व गुलामांची वस्ती यांच्या संबंधांची मांडणी करताना मारिया ग्रॅहम यांच्यासारख्या परकीयांच्या नोंदींचा आधार घेतला, तो अशाच तपशिलांमुळे.

आपल्या देशबांधवांवरही त्या खूष नव्हत्या. बाहियातील इंग्रज व्यापाऱ्यांना खरेदी-विक्रीपलीकडे या देशाविषयी काहीच ठाऊक नाही, दाराबाहेरच्या झाडाचे नावही सांगता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

रिओ दि जानेरोमधील घर व संसार :

१५ डिसेंबर १८२१ रोजी 'डोरिस' रिओ बंदरात आली. जानेवारी १८२२ मध्ये, ब्राझीलमध्येच राहण्याचा दोम पेद्रो यांचा निर्णय व त्यानंतरची पोर्तुगीज पलटणींची हालचाल मारिया ग्रॅहम यांनी जवळून पाहिली. मार्चमध्ये नौका चिलीकडे निघाली. ९ एप्रिल १८२२ रोजी केप हॉर्नजवळ थॉमस ग्रॅहम यांचे निधन झाले. चिलीत एक वर्षाच्या आत तेथील नोव्हेंबर १८२२ चा मोठा भूकंप अनुभवून, लॉर्ड कॉक्रेन या सेनानीच्या जहाजातून मार्च १८२३ मध्ये मारिया पुन्हा रिओला आल्या. कॉक्रेन यांनी नव्या ब्राझील साम्राज्याच्या आरमाराचे नेतृत्व स्वीकारले. मारिया यांनी ग्लोरिया टेकडीच्या परिसरात एक लहान घर घेतले. नौदलातील एक आजारी आप्त त्यांच्याबरोबर होता. त्याची शुश्रूषा, वाचन, लेखन, चित्रे काढणे, घोड्यावरून फेरफटका व भेटीगाठी असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांची स्वतःची प्रकृतीही क्षयामुळे नाजूक होती.

सदतीस वर्षांची विधवा परमुलखात स्वतंत्र घर करून राहते, एकटी हिंडते, मंत्र्यांशी राजकारण बोलते, ही गोष्ट तेथील सभ्य समाजाला नवीन होती. मात्र ही मोकळीक केवळ त्यांच्या धैर्यातून आली नव्हती. १८१० च्या तहाने इंग्रजांना ब्राझीलमध्ये असाधारण सवलती मिळाल्या होत्या. इंग्रजी मालावर केवळ १५ टक्के जकात होती, तर अन्य परदेशी मालावर ती २४ टक्के होती. इंग्रजांचे खटले चालविण्यास स्वतंत्र न्यायाधीश होता, प्रॉटेस्टंट पद्धतीने उपासना करण्याची मुभा होती. रिओच्या पेठांतून फिरताना दुकानादुकानांत इंग्रजी कापड, चिनी मातीची भांडी व बर्मिंगहॅमचा लोखंडी माल दिसतो, असे लेखिकेने नोंदवले आहे. इंग्रज गृहिणीला रिओत आपल्या सवयीच्या वस्तू मिळत होत्या, त्या या तहाच्या जोरावर.

अन्नाच्या बाबतीत तसे नव्हते. गव्हाचे पीठ परदेशातून येई व महाग पडे. सर्वसामान्यांचे अन्न म्हणजे काळा घेवडा, खारवून वाळवलेले गोमांस व मंडिओका या कंदाचे भरड पीठ. आपल्याकडे उपवासाला चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोच हा मंडिओका. काजू व अननस यांप्रमाणे तोही मूळचा ब्राझीलकडचाच. उलट आंबा व फणस पोर्तुगीजांनी पूर्वेकडून ब्राझीलमध्ये नेले, त्यामुळे मुंबई पाहिलेल्या या बाईंना बाहिया व रिओच्या बागांत ओळखीची झाडे भेटत होती. रिओच्या वनस्पती उद्यानात, जे १८०८ मध्ये स्थापन झाले होते, चहाची लागवड करण्यासाठी चीनमधून माणसे आणली होती, तीही त्यांनी पाहिली.

मंडिओकाच्या पिठाचा एक सुंदर उल्लेख २९ ऑगस्ट १८२३ च्या नोंदीत आहे. त्या दिवशी मारिया कितेरिया ही तरुणी त्यांना भेटावयास आली. बाहियाच्या स्वातंत्र्ययुद्धात पुरुषवेष घेऊन लढलेल्या या स्त्रीला नुकतेच सम्राटाच्या हस्ते मानचिन्ह मिळाले होते. लेखिकेने तिची हकीगत सविस्तर विचारून घेतली, चित्रकार ऑगस्टस अर्ल यांनी काढलेले तिचे चित्र पुस्तकात छापले आणि तिच्या जेवणाच्या सवयींचीही नोंद केली : न्याहारीच्या अंड्यांबरोबर व जेवणातल्या माशांबरोबर ती पावाऐवजी मंडिओकाचे पीठ खाते व प्रत्येक जेवणानंतर सिगार ओढते. मारिया कितेरिया आज ब्राझीलची राष्ट्रीय वीरांगना मानली जाते. तिला समोर बसवून तिची विचारपूस करणारी लेखणी या परकीय स्त्रीची होती.

पाणी, ओझे व मैला :

१८२१ च्या गणनेनुसार रिओच्या शहरी भागाची लोकसंख्या सुमारे ७९ हजार होती व त्यांपैकी सुमारे ३६ हजार गुलाम होते. घरोघरी नळ नव्हते. डोंगरातून उंच कमानींवरून आणलेले पाणी शहरातील कारंज्यांवर पडे व तेथून ते डोक्यावरून घरी आणण्याचे काम गुलामांचे असे. घरातील मैला पिंपात साठवून संध्याकाळी समुद्रात टाकण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. या कामकऱ्यांना लोक 'तिग्रे' म्हणजे वाघ म्हणत, त्यामागील क्रूर विनोद सांगावयास नको. बंदरातली ओझी, बाजारातली विक्री, कपडे धुणे, स्वयंपाक, मुले सांभाळणे यांपैकी कोणतेही काम गुलामांवाचून होत नसे. अनेक मालक आपल्या गुलामांना शहरात मजुरीस सोडत व दिवसअखेर ठरावीक रक्कम वसूल करीत. परकीय माणसाने गुलाम विकत घेतला नाही तरी त्याने घेतलेले पाणी, दिलेले कपडे, भाड्याने लावलेला माणूस यांतील पैसा शेवटी कोणत्या तरी मालकाच्या हाती जाई. ग्लोरियाच्या टेकडीवरून दिसणाऱ्या निळ्या समुद्राचे व फुलांचे वर्णन वाचताना ही व्यवस्था विसरून चालणार नाही. रोजनिशीत दरबारी माणसांची नावे भरपूर येतात. घरकाम करणारे, ओझी वाहणारे लोक मात्र बहुतांशी निनावीच राहतात.

लेखिकेला या विसंगतीची अजिबात जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. १ मे १८२३ रोजी त्या मुद्दाम वालोंगो येथे गेल्या. या लांबलचक रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक घर म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची वखार होती. एका घराच्या दाराशी बाकावर बसवलेल्या कोवळ्या वयाच्या, डोकी भादरलेल्या मुलांजवळ जाऊन त्या हसल्या, त्यांनी खुणांनी आपुलकी दाखविली, तशी ती मुले हसू-नाचू लागली. या प्रसंगाने त्यांना समाधान झाले नाही, उलट अधिकच खिन्नता आली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ब्राझीलच्या संविधान सभेचे उद्घाटन झाले व शहर तोरणांनी सजले. या दोन नोंदी रोजनिशीत जवळजवळ लागून आहेत. नव्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याविषयी लेखिकेला उत्साह होता आणि गुलामांचा व्यापार बंद झाल्यावाचून ते स्वातंत्र्य पुरे नाही असेही त्यांना वाटत होते. मात्र त्याच वेळी इंग्लंडच्या वेस्ट इंडिज वसाहतींतही गुलामगिरी कायदेशीर होती व ती रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. इंग्रज लेखकाचा संताप मोजताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ऑगस्ट १८२३ मध्ये सांता क्रूझ येथील राजघराण्याच्या जमीनजुमल्याकडे केलेल्या प्रवासात त्या एका उसाच्या मळ्यावर उतरल्या. मळ्याची मालकीण दोना मारियाना ही कर्तबगार स्त्री. तिने पाहुण्यांना कारखाना दाखवला, उत्तम पाहुणचार केला. बोलता बोलता तिने सांगितले की, मळ्यावर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांपैकी निम्मीही दहा वर्षांची होत नाहीत. लेखिकेने ही माहिती तशीच टिपून ठेवली. जेवणाच्या टेबलावर सहज बोलून गेलेले हे वाक्य त्या काळच्या ग्रामीण ब्राझीलमधील बालमृत्यूविषयी एखाद्या सरकारी अहवालाइतके सांगून जाते.

रिओच्या गांबोआ किनाऱ्यावर इंग्रजांची दफनभूमी १८११ पासून होती. आपण पाहिलेल्या अत्यंत रमणीय स्थळांपैकी ते एक आहे, असे मारिया ग्रॅहम यांनी लिहिले आहे. तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर दुसरी एक दफनभूमी होती. आफ्रिकेतून बंदरात उतरल्यावर विकले जाण्यापूर्वीच मरण पावलेल्यांची प्रेते तेथे उथळ खड्ड्यांत टाकली जात. १८३० च्या सुमारास ती बंद झाली, वर घरे उठली व जागा विस्मृतीत गेली. १९९६ मध्ये एका कुटुंबाने घराच्या दुरुस्तीसाठी जमीन खणली तेव्हा तेथे मानवी हाडे सापडली. वालोंगोचा दगडी धक्काही २०११ मध्ये शहरातील बांधकामाच्या वेळी पुन्हा उघडा पडला व २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

राजवाड्यातील दिवस :

ऑक्टोबर १८२३ मध्ये मारिया ग्रॅहम इंग्लंडला परतल्या, त्या सम्राटाची ज्येष्ठ कन्या मारिया दा ग्लोरिया हिच्या शिक्षिकेचे पद स्वीकारूनच. पुस्तके छापून, शैक्षणिक साहित्य गोळा करून सप्टेंबर १८२४ मध्ये त्या साओ क्रिस्तोव्हाओ राजवाड्यात दाखल झाल्या. राजकन्या पाच वर्षांची होती. पुढे हीच पोर्तुगालची राणी झाली. इतके दिवस बाहेरून पाहिलेल्या ब्राझीलच्या घरात त्या आता आतून राहणार होत्या.

ही नोकरी दीड महिनाही टिकली नाही. मुलीची दिनचर्या, अभ्यास, तिच्याभोवतीच्या माणसांची वागणूक यांविषयीच्या इंग्रज कल्पना व दरबारातील पोर्तुगीज स्त्रियांच्या जुन्या रीती यांत रोजचा खटका उडू लागला. परकीय बाई राजकन्येला आपल्याकडे ओढते, अशा तक्रारी सम्राटाच्या कानी गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना राजवाडा सोडावा लागला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. परकीयांना मिळणारी सवलत बाजारात व न्यायालयात उपयोगी पडत होती. घराच्या उंबरठ्याच्या आत तहाचे कलम चालत नव्हते. दरबारी स्त्रियांनाही बाहियाच्या त्या सकाळच्या भेटींप्रमाणेच ही पाहुणी आगंतुक वाटली असल्यास नवल नाही.

राजवाड्यात त्यांची खरी मैत्रीण एकच होती, सम्राज्ञी लिओपोल्दिना. ऑस्ट्रियाच्या सम्राटाची ही कन्या १८१७ मध्ये विवाहानंतर ब्राझीलला आली होती. तिला वनस्पतिशास्त्र व खनिजशास्त्र यांची आवड होती. पतीच्या उघड प्रेमप्रकरणामुळे व दरबारी कारस्थानांमुळे ती एकाकी पडली होती. शिक्षिकेला राजवाड्यातून जावे लागले तरी दोघींचा पत्रव्यवहार फ्रेंच भाषेत चालू राहिला. मारिया ग्रॅहम त्यानंतर काही महिने रिओतच, लारांजेइरासच्या खोऱ्यात राहिल्या. हा काळ त्यांनी झाडाझुडपांत घालवला. ग्लासगो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांना त्या वाळवलेले नमुने पाठवीत व फुलांची रंगीत चित्रे काढीत. त्यांची ब्राझीलमधील वनस्पतिचित्रे आज क्यू येथील उद्यानाच्या संग्रहात आहेत. १८२५ मध्ये त्यांनी ब्राझील कायमचा सोडला. ११ डिसेंबर १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, लिओपोल्दिनाचे निधन झाले. पुढच्या वर्षी मारिया यांनी चित्रकार ऑगस्टस वॉल कॉलकॉट यांच्याशी विवाह केला.

राजवाड्यातील दिवसांविषयी त्यांनी हयातीत काही छापले नाही. १८३० च्या दशकात, अंथरुणाला खिळलेल्या असताना, त्यांनी सम्राट पेद्रो यांच्याविषयीच्या आठवणींचे एक हस्तलिखित तयार केले. ते हस्तलिखित व लिओपोल्दिनाशी झालेला पत्रव्यवहार रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचला आणि ग्रंथालयाच्या वार्षिकात १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. छापील रोजनिशीचे पोर्तुगीज भाषांतर १९५६ मध्ये निघाले. साओ क्रिस्तोव्हाओच्या राजवाड्यात पुढे ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय आले. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री लागलेल्या आगीत त्या इमारतीचा बहुतांश अंतर्भाग व संग्रह नष्ट झाला. राष्ट्रीय ग्रंथालय शहराच्या दुसऱ्या भागात असल्याने दोघींची पत्रे त्या आगीपासून दूर होती.